मसाफीच्या टबातल्या लाल मुंग्या

माझ्या लेकीने, रेवाने, फुटबॉल सोडला त्याला दोन महिने झाले, तेव्हा एका शुक्रवारी मीच जाहीर केलं, "यल्ला, मसाफीला जाऊ या!" शाळेच्या मैदानावर तिला चार लाल मुंग्या चावल्या होत्या आणि पाऊल टम्म सुजलं होतं. सूज केव्हाच उतरली, पण आमची नऊ वर्षांची बाई घरातसुद्धा बूट घालून फिरायची. गवत दिसलं की गाडीतून उतरायचीच नाही. फार जीव तुटायचा माझा.

शारजातल्या आमच्या घरून धैदमार्गे तासाभराचा रस्ता. धैदला चहा घ्याच, एक दिरहॅमला कप. पुढे डोंगर लागले की एसी बंद करून काचा खाली करा, अर्थात हिवाळ्यात!

मसाफीचं 'फ्रायडे मार्केट' रोज उघडं असतं, बरं का. गालिचे, भाजलेली कणसं आणि टोकाला रोपांची दुकानं. तिथे मंडणगडचे दाऊदभाई भेटले. मी कढीपत्ता मागितला, तर त्यांनी कुंडी उचलून सरळ पाण्याच्या टबात बुडवली.

"अहो, हे काय?"

"मुंग्या असल्या तर वर येतात, वहिनी. गिऱ्हाइकाच्या घरी कशाला पाठवायच्या?"

आणि आल्याच की! एकमेकींना धरून मुंग्यांचा लाल गोळा तरंगायला लागला, मधोमध पांढरी पिल्लं. रेवा गाडीत काच लावून बसली होती. दाऊदभाईंनी हाक मारली, "ये बाय, बघ! ही मुंगी मूळची अमेरिकेची. कुंडीत बसून जगभर हिंडते, व्हिसा नाय की पासपोर्ट नाय!"

काच खाली आली. मग दार उघडलं.

"आर दे ड्राउनिंग?"

"नाय गं. पोरांना सुकं ठेवतायत."

"सो दे आर स्केअर्ड टू?"

"मग? घर बुडालं तर तू नाय घाबरणार?"

बूट घालूनच, पण ओल्या मातीवरून चालत ती टबापाशी आली आणि चांगली दहा मिनिटं उकिडवी बसली.

बिनमुंग्यांची दुसरी कुंडी घेतली. पंधरा दिरहॅम, म्हणजे नवऱ्याच्या भाषेत "साडेतीनशे रुपये, कढीपत्त्याला!"

घरी येताच रेवाने बाल्कनीत बादली भरली, कुंडी बुडवली आणि वाट बघत राहिली. दोन वाळकी पानं वर आली, बस्स.

"नॉट ईव्हन वन, आई?" इतका हिरमुसलेला चेहरा!

बाल्कनीभर पाणी सांडलं होतं आणि त्यात ती अनवाणी उभी होती. मी कपाटातून तिची फुटबॉलची जर्सी काढली आणि धुवायला टाकली.