दोडक्याच्या मांडवावरचं घरटं

आमच्या शेतातल्या दोडक्याच्या मांडवावर बुलबुलानं घरटं बांधलं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, थोडंफार लिहितोही. त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन रोज सकाळी मांडवाखाली बसू लागलो. घरटं पानांआड होतं. नीट दिसावं म्हणून मी चार पानं हळूच खुडली. चित्र सुरेख उतरलं.

काल सकाळी घरटं रिकामं होतं. खाली मातीत अंड्यांच्या गुलाबी कवचाचे तुकडे पडले होते आणि बुलबुलाची जोडी तारेवर बसून ओरडत होती. बायको टोपली घेऊन आली. घरट्याला धक्का नको म्हणून तिनं त्या कोपऱ्यातले दोडके तोडलेच नव्हते; ते वेलीवरच जून झाले होते.

"इथली पानं कोणी काढली हो? कावळ्याला उघडंच सापडलं की!"

"मीच काढली," मी म्हणालो.

तिनं टोपली खाली ठेवली. डोळे भरून पाहणं म्हणजेच प्रेम, असं मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो. त्या पाखरांना माझ्या प्रेमापेक्षा चार पानांची गरज होती. मी मान खाली घालून उभा होतो, आणि तेवढ्यातही त्या गुलाबी तुकड्यांसाठी मनात नेमका शब्द शोधत होतो. ते ध्यानात आलं, तेव्हा मला तिच्या तोंडाकडे बघवेना.