टाकीतली हवा

पंपमिस्त्री एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मोटर उघडतानाही तिच्याशी गप्पा, "काय गं, कुठं दुखतंय?" त्या वस्तीत घरोघरी विहिरी, विहिरींवर पंप, आणि प्रत्येक घरात त्यांचा आवाज ओळखीचा. बायको म्हणायची, "तुमच्या बडबडीला कंटाळूनच सुरू होते ती." सव्वीस वर्षं ती त्यांच्यासोबत कामावर जात होती. पाने-पकडी हातात द्यायची, पाइप धरून उभी राहायची, घरंगळलेले वायसर शोधायची. दोष ओळखायचं काम मात्र त्यांचं.

एका सकाळी दात घासताना ते कोसळले. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, तोंडून एकच शब्द निघायचा, "तेच." भूक लागली तरी "तेच", राग आला तरी "तेच".

मग तिनेच हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. सोपी कामं जमून जायची. अडलं की घरी येऊन त्यांना सांगायची, ते खाणाखुणा करायचे.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी मात्र तिने हात टेकले. "वहिनी, आईला अंघोळ कशी घालू सांगा," बाई काकुळतीला आल्या होत्या. "धार करंगळीएवढी. मध्येच जोर येतो, लगेच मरतो." तिने गाळणी धुतली, व्हॉल्व्ह पाहिले, पंपाशेजारच्या बंद प्रेशर टाकीचा स्विच उघडून घासला. विहिरीत वाकून पाहिलं, पाणी भरपूर होतं. तरी मोटर पाच सेकंद चालायची, थांबायची, पुन्हा चालू.

घरी येऊन तिने खाटेशी बसून सगळं सांगितलं. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं आणि गाल फुगवला. तिला वाटलं, चूळ भरायची आहे. तिने पेला ओठांना लावला. त्यांनी डाव्या हाताने तो उडवला, पाणी तिच्या अंगावर सांडलं.

"तेच! तेच!"

"अहो, काय तेच? दिवसभर राबून आलेय मी!" ती ओरडली.

त्यांनी पुन्हा गाल फुगवला. डावी बाजू फुगली. उजवीकडच्या लोंबत्या ओठातून हवा निसटली, सोबत लाळ. तिने पदराने तोंड पुसलं. तिसऱ्यांदा फुगवला, तिसऱ्यांदा फुस्स.

"हवा?" ती हळूच म्हणाली. "टाकीतली हवा गेली?"

त्यांनी मान हलवली आणि हुंदका दिला. तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. "कळलं मला," ती म्हणत राहिली, "कळलं."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंकडे मोटर बंद केली आणि प्रेशर टाकीवरच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी तोंडावर आली. आतली रबरी पिशवी फाटली होती. टाकी पाण्यानेच भरलेली, पाण्याला रेटायला हवाच नव्हती. नवी टाकी बसवून तिने सायकलच्या पंपाने, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून हवा भरली. मोटर चालली, दमाने थांबली, आणि ती थांबल्यावरही न्हाणीत धबाधबा पाणी पडत राहिलं. "अगं, किती जोर गं हा!" आतून बाईंच्या म्हाताऱ्या आईचा हसरा आवाज आला.

तिने घरी येऊन त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. मिस्त्री अर्ध्या तोंडाने हसले. "तेच," म्हणाले, आणि त्या दिवशी तो शब्द अगदी जागेवर बसला.

सोळाच दिवस गेले. ती एका अंगणात नळीचा जोड आवळत असताना शेजारीण धावत आली. ग्रीसने माखलेल्या हातांनी ती घरी पोचली, तोवर सगळं संपलं होतं. ते हात पुसायचंही तिला सुचलं नाही.

आठवड्याने फोन वाजला. दूरच्या वस्तीतला कोणी माणूस होता. "मिस्त्री आहेत का? पाण्याला जोर नाही हो."

"नाहीत."

"कधी येतील?"

तिने कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी जवळ ओढली. पलीकडचा दोनदा हॅलो, हॅलो म्हणाला.

"पत्ता सांगा," शेवटी ती म्हणाली. "मी येते."