नवरा वाचतो, मी ऐकते

मला आवाज होता! सांगायला लाज कसली? शाळेत मी कविता शिकवायला लागले की रस्त्याने मासे विकत जाणारा सायकलवाला थांबून ऐकायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सेत पहिलं वाचन करायला उभी राहिले की वीज गेलेली असली तरी शेवटच्या बाकावरचे म्हातारे खडबडून जागे व्हायचे. नाताळचं वाचन माझं, फेस्ताच्या सणाचं माझं, गुड फ्रायडेचं माझं. कधी फादरनी दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं, तर मी तोंडभर हसून ‘वाचू दे की’ म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

गेल्या वर्षी तोच आवाज बसला. आधी वाटलं, कैऱ्या खाऊन घसा धरलाय. मग काढे झाले, गुळण्या झाल्या, शेजारणीने सांगितलेलं सगळं झालं, आणि शेवटी गोव्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे. ती काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, “आता महिनाभर तोंडातून शब्द नको. कुजबुजसुद्धा नको. त्यानंतर आवाज येतो का ते बघू.” येतो का! म्हणजे कदाचित येणारही नाही. ज्या बाईचं घर आवाजावर चालतं, देवाशी नातंसुद्धा आवाजावरच चालतं, तिला हे सांगून ते पुढचा पेशंट बोलवायला लागले.

इस्पितळात माझा नवरा खाटेशेजारी स्टुलावर बसून होता. हा माणूस मालवणच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, आणि मला वाटतं इंजिनं बोलतात म्हणून ह्याला बोलावं लागत नाही. दिवसभर तो नुसता बसला. मी घाबरून अर्धी झालेली, आणि ह्याच्या तोंडून धीराचा एक शब्द नाही! मला इतका राग आला की बोलता आलं असतं तर टाके तिथेच तुटले असते.

घरी आल्यावर शाळेतली पाटी-पेन्सिल जवळ ठेवली आणि मुक्याचा संसार सुरू झाला. शेजारीण रोज डोकावून जायची. देवळात निघाली की माझ्यासाठी कुणकेश्वराला हात जोडीन म्हणायची आणि जाता जाता चिमटा काढायची, “बाय, तू गप बसलंस तर वाडीत कायतरी बिघाडला असा वाटता गो.”

खरी शिक्षा संध्याकाळी होती. आमच्याकडे तेर्स झाली, म्हणजे जपमाळेची प्रार्थना झाली, की बायबलमधलं एक पान वाचायचं असा नियम आहे. वाचायचे अर्थात मी. आता पुस्तक नवऱ्याच्या हातात गेलं. काळ्या ग्रीसच्या रेषा राहिलेलं बोट ओळीखाली धरून तो वाचायचा, ओल्या खडकांवरून चालल्यासारखा, एकेक पाऊल चाचपत. नको तिथे थांबायचा. जोडाक्षर आलं की श्वास घ्यायचा. मी समोर बसून मांडीवर मुठी आपटायचे. पुढचा शब्द मला पाठ, आणि हा अजून मागच्यावरच! पहिले चार दिवस मी देवाचं वचन ऐकलंच नाही. मी फक्त नवऱ्याच्या चुका मोजल्या.

मग एका संध्याकाळी त्या दुःखी माणसाची गोष्ट आली, ज्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं उठली. ही गोष्ट मी चर्चमध्ये किती वेळा वाचली असेल! त्याचे मित्र भेटायला येतात, ती ओळ मी नेहमी घाईत उरकायचे. मला त्या मित्रांच्या पुढच्या मोठमोठ्या भाषणांची ओढ असायची, कारण आवाज तिथे लागतो. नवरा मात्र नेहमीसारखा अडखळत निघाला. ते त्याच्याजवळ... जमिनीवर... बसले. सात दिवस. इथे त्याने श्वास घेतला. सात रात्री. पुन्हा श्वास. कोणी... त्याच्याशी... एक शब्दही... बोललं नाही. कारण त्याचं दुःख... फार मोठं आहे... हे त्यांना दिसलं.

माझी उचललेली मूठ तशीच राहिली. त्या मित्रांना पुढे देवाची बोलणी खावी लागतात ती त्या दुःखी माणसालाच दोष देत बोलल्याबद्दल! गप्प बसले होते तोवर ते शहाणे होते. त्या अख्ख्या गोष्टीत त्यांनी केलेलं एकमेव बरं काम म्हणजे जमिनीवर येऊन बसणं. आणि माझ्यासमोर एक माणूस बसला होता, जो इस्पितळात दिवसभर स्टुलावरून हलला नव्हता, आणि ज्याला मी मनातल्या मनात दगड म्हटलं होतं.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता! मी स्वयंपाकघरात धावले, स्टीलचं ताट उचललं आणि पळीने बडवायला लागले. नवरा घाबरून उठला. शेजारीण पदर खोचत धावत आली, “काय झाला? साप इलो काय?” मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सात दिवस गप्प!’ तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सात खंयचे? तुका पंधरा होऊक इले.” मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसण्याचासुद्धा आवाज करायची परवानगी नव्हती.

त्या दिवसापासून मी संध्याकाळची वाट बघायला लागले. मुठी आपटणं बंद झालं. तो जिथे थांबायचा तिथे मीही थांबायचे, आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी हाती लागायचं. वर्षानुवर्षं ह्या ओळी माझ्या तोंडातून लोकांकडे गेल्या होत्या. माझ्या कानात त्या पहिल्यांदाच शिरत होत्या. नीतिसूत्रांत जिभेविषयी किती लिहिलंय, बाई! जवळजवळ प्रत्येक पानावर मला टपली. मी पाटीवर लिहायचे, ‘पुन्हा वाच’, आणि तो बिचारा न कंटाळता वाचायचा.

तेवढ्यात मे महिन्यातली लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, आली. आमच्या वाडीत रस्त्याकडेला खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. दरवर्षी एकेक घर तिथे प्रार्थनेचा मान घेतं. खुरसाला अबोलीचे हार, मेणबत्त्या, व्हायोलिन, शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. त्या वर्षी मान आमचा होता, म्हणजे वाचनही आमच्याच घरातून व्हायला हवं. वाडीतल्या दोघीतिघी ‘आम्ही वाचतो’ म्हणून आनंदाने तयार झाल्या. मी पाटीवर लिहिलं, ‘हा वाचेल.’ नवऱ्याने ते वाचलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

पण तो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून, बोट ओळीखाली धरून, सगळ्या वाडीसमोर. वाचायला त्याने तीच मित्रांची गोष्ट काढली होती. सात दिवसांपर्यंत आला आणि अडला. मेणबत्ती वाऱ्याने फडफडली होती, त्याची ओळ हरवली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पुढचा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर तयार होता. एक शब्द, एवढाच, आणि हा सुटला असता! पण गर्दीत ऐकू जाईल असा एक शब्द म्हणजे माझा आवाज कायमचा जाणार, हेही मला ठाऊक होतं. मी ओठ दातांखाली धरले. त्याने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. मी हातवारे केले नाहीत, खूण केली नाही, नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग त्याने मान खाली घातली, ओळ शोधली आणि शेवटपर्यंत वाचलं. पोरांचं हसू कधीच थांबलं होतं. चणे खाताना शेजारीण त्याला म्हणाली, “बरा वाचलंस रे. सगळा समाजला माका.” माझ्या वाचनाला लोक ‘छान’ म्हणायचे. समजलं असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

महिना भरला आणि आम्ही पहाटेच्या गाडीने गोव्याला निघालो. आता निकाल! वाटभर मी मनात एक स्तोत्र घोळवत होते, माझे ओठ उघड म्हणजे मी तुझी स्तुती करीन अशा अर्थाचं. आवाज आलाच तर पहिला शब्द देवाचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं. छाती इतकी धडधडत होती की डॉक्टरांनी आधी रक्तदाब तपासला. मग घशात बघितलं, आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “हं, बोला. काहीही बोला.”

मी तोंड उघडलं. समोर नवरा उभा होता, पांढराफटक, हाताची घडी घालून. पहाटे अंधारात घाईने तयार झाला होता. शर्टाची कॉलर एका बाजूने कानाला लागलेली.

“अरे, तू शर्टाची बटणां वरखाली लावलंस!” मी म्हणाले. “असोच इलस मालवणापासून?”

खोबरं खरवडताना येतो तसा, खरखरीत, जाडाभरडा आवाज. पण आवाज! डॉक्टर हसले. म्हणाले, “आला. मात्र आता असाच राहील. वर चढवायचा नाही. शाळेत जपून, आणि चर्चमधलं वाचन विसरा.” ते ऐकून काळजात कळ आली, खोटं कशाला बोलू. पण नवऱ्याचं डॉक्टरांकडे लक्षच नव्हतं. ज्याने महिनाभर एक टिपूस गाळलं नाही तो माणूस वाकड्या बटणांचा शर्ट दोन्ही मुठींत धरून ढसाढसा रडत होता.

“परत एकदा,” तो म्हणाला, “परत एकदा माझ्यार वरड गो.”