दाजींचा उन्हाचा डबा

उन्हाला मनापासून जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही बाकीचे लोक होळी झाली की सूर्याच्या नावानं बोटं मोडतो. दाजी मात्र भर बारा वाजता लातूरच्या घराच्या गच्चीवर उघड्या डोक्यानं उभे राहतात आणि डोळे बारीक करून आभाळाकडे बघत बसतात. "केवढा माल वाया चाललाय बगा, पाव्हणं," मला म्हणतात. "येवढं ऊन पडून राहिलंय अन् भरून ठिवायला कुणी न्हाई."

'माल' हा शब्द त्यांच्या रक्तातला. जन्म आडत दुकानात तुरीच्या पोत्यांवर गेला, त्यामुळे कुठलीही वस्तू ते आधी हातात तोलतात. टरबूज, मोबाईल, लग्नपत्रिका, आणि एकदा तर माझी बारा दिवसांची लेक. बारशात तिला दोन्ही हातांवर तोलून जाहीर केलं, "दाणा भरलेला हाय!" माझी सासू आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

ह्या माणसाला उन्हाचं वेड लागलं ते अक्कामुळे, म्हणजे माझ्या ह्याच बहिणीमुळे. तीन वर्षांपूर्वी तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. तेव्हापासून दिवसाचे ठरलेले तास तिच्या नाकात नळी आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र. यंत्राला वीज लागते. घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी भागतं. पण शेतात दिवसा लाईट नसते आणि अक्काची येळवस शेतात असते. मार्गशीर्षातल्या त्या वेळा अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव बसवायचे, भज्जी, उंडे, खीर, आंबील खायची आणि अंधारून आलं की गवताचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरायचं. सलग दोन येळवसा अक्का उंबऱ्यात बसून सगळ्यांचे डबे भरत होती. "जाऊन या, मी बरी हाय," म्हणायची. दाजी शेतात जायचे, पांडवांना हात जोडायचे आणि न जेवता परत यायचे.

शेजाऱ्यानं पेट्रोलचा जनरेटर देऊ केला. त्याचा धूर बघून दाजींनी हात जोडले. मग कुठून तरी कळलं की उन्हावर भरणारी बॅटरीची पेटी मिळते, सोबत घडीची सौरपाटी, म्हणजे सोलर पॅनल. झालं! पुढचं दीड वर्ष दाजी पेटी निवडत राहिले. लातूरची दुकानं संपली तेव्हा नांदेडला माझ्याकडे आले, अक्काचं यंत्र चादरीत गुंडाळून. दुकानातल्या पोरीनं अदबीनं विचारलं, "काका, कॅम्पिंगला पाहिजे का?"

"त्ये काय असतंय?"

"म्हणजे रानात जायचं, झोपडीत बसायचं, उघड्यावर जेवायचं..."

"अगं माय, मग आमी बापजाद्यापासून कॅम्पिंगच करत आलोय की!"

मग पेट्या तोलणं सुरू झालं. जी हलकी निघाली तिला दाजी पोकळ तूर समजून बाजूला सारायचे. पोरीनं जीव तोडून सांगितलं की ही नव्या जातीची बॅटरी, हलकी असते पण टिकते. दाजींना पटेना. शेवटी अक्काचं यंत्र पेटीला जोडलं आणि दुकानातल्या स्टुलावर ते साडेतीन तास बसले, यंत्राचा आवाज ऐकत, पापणी न हलवता. दुकानदारानं तीनदा चहा पाजला. उठताना म्हणाले, "द्या हीच. हिचा श्वास सरळ हाय."

येळवसेला अक्का हिरवं लुगडं नेसून शेतात उतरली आणि ज्वारीला हात लावून रडली. मीही रडलो, लपवू कशाला? दाजींनी पाटी कोपीवर तिरपी बसवली आणि आनंदाच्या भरात तीच चूक केली जी आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकते. नवी वस्तू पहिल्यांदा रानात आली, तिची पूजा नको? पाटीला त्यांनी पाच बोटं हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मागोमाग त्यांच्या भावजयांनी कुंकू वाहिलं. म्हाताऱ्या चुलतीनं तर पानानं आंबील शिंपडली, सढळ हातानं. शेवटी दाजींनी वर खांद्यावरचं उपरणं पांघरलं. मग सगळे जेवायला बसलो, आणि ऊन नुसतं वरच्या वर वाहून गेलं.

तीन वाजता दाजींनी पेटीवरचा आकडा पाहिला. चौतीस टक्के. "लई ऊन हाय, मग ही खाईना का?" त्यांचा आवाज फाटला. मी उपरणं उचललं. खाली आंबील वाळून पापड झाली होती. दाजींनी अंगातला सदरा काढला, पाण्यात भिजवला आणि पाटी घासायला लागले. कुंकू जाईना. तोवर ऊन उतरलं होतं. थोडं भरत होतं, जास्त जात होतं.

"चल. गाडी काढतो," ते म्हणाले. "घर अर्ध्या तासावर हाय, तेवढ्याला पुरंल."

"हेंडगा बगितल्याबिगर मी उठत न्हाई," अक्का म्हणाली.

"अगं, ऐक की माझं. दम लागंल तुला."

"दोन सालं ऐकलं."

नळीजवळ आग नको म्हणून अक्काला लांबच्या बांधावर बसवलं. पेटी मांडीवर घेऊन दाजी तिला खेटून बसले. दिवस बुडाला. अक्काच्या धाकट्या दिरानं हेंडगा पेटवला आणि तो उजेड ज्वारीच्या कडेकडेनं तरंगत निघाला. जागोजागच्या शेतांतूनही तसेच उजेड निघाले होते. अख्खं शिवार झोपेत चालल्यासारखं दिसत होतं. पण दाजींची नजर पेटीवरून हलेना. एकवीस. वीस. त्यांचे ओठ पुटपुटत होते.

अक्कानं पदर ओढला आणि आकड्यावर टाकला.

"त्ये नगं," ती म्हणाली. "तिकडं बगा."

दाजींनी मान वर केली. हेंडगा शेताच्या पार टोकाला पोचला होता. तो विझेपर्यंत त्यांनी पदर उचलला नाही.