मशीनच्या पोटातली घड्याळं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. तीन माणसं नऊ वर्षं एकाच एसीखाली बसली की ते आपोआप साठतात. आता तिघांतले दोघंच उरलोय, म्हणून सांगावेसे वाटतात.

केडगावला एका दूध संघाची आमची कॉम्प्युटर रूम. गायकवाड सर प्रमुख, मंगलबाई ऑपरेटर आणि मी. एकच मोठा सर्व्हर, पण त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेली आठ मशीनं. हात लावायला काही नाही, तरी प्रत्येकाला आपापलं घड्याळ! आणि आठही घड्याळं एकच वेळ दाखवतील तर शपथ!

*

एकदा पारनेरकडच्या एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन.

"साहेब, आमचा टेम्पो सहा चाळीसला निघाला आन तुमच्याकडं सहा पस्तीसला पोचला, आसं मोबाईलवर आलंय."

आवक नोंदवणाऱ्या मशीनचं घड्याळ तासभर मागे पडलं होतं. सरांनी माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या," सचिव म्हणाले, "तेवढा डायव्हर सोडू नका. लई गुनी हाय!"

*

एका संचालकांनी विचारलं, "घड्याळं मागं पडत्यातच कशी?"

सर म्हणाले, "मशीन झोपवलं की त्याचं घड्याळही थांबतं. उठलं की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू."

"म्हंजी आमच्या मीटिंगीवानी!"

*

मग एक मशीन फारच बिथरलं. घड्याळ कधी पुढे उडी मारायचं, कधी मागे. पुण्याहून आलेले इंजिनिअर दोन दिवस डोकं धरून बसले. सर्व्हरही त्याची वेळ दुरुस्त करत होता आणि नेटवरची सेवाही.

मंगलबाई चहा पीत म्हणाल्या, "एका लेकराचे दोन कान दोघांनी धरल्यावर ते सरळ बसंल का? एकानं सोडा की!"

सोडलं. बसलं!

*

स्वतः बाईंचं मनगटी घड्याळ मात्र कायम दहा मिनिटं पुढे. त्यांना तिसगावला जायची एसटी गाठायची असायची.

"बाई, तुमचंही सिंक करू का?" सर चिडवायचे.

"आधी एष्टीचं करा, मंग माझं!"

सर रोज खिडकीतून बघायचे, एसटी मिळाली की नाही ते.

*

बाई गेल्या त्याला आता आठ महिने झाले. आजार चार दिवसांचा. निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही.

परवा दुपारी सर्व्हरवरची जुनी मशीनं कायमची पुसून टाकायला काढली. त्यात एक चाचणीचं मशीन होतं. आम्ही तिघं त्यावर नोटपॅडमध्ये एकमेकांना निरोप लिहायचो. बाईंनीच ते शेवटचं झोपवलं होतं. पुसण्याआधी सरांनी सुरू केलं.

स्क्रीन होती तशी उघडली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. नोटपॅडमध्ये एकच ओळ:

"सर, जेवायला थांबा. आलेच."

आता वेळ आपोआप दुरुस्त होणार, तोच सरांनी झटकन माऊस घेतला आणि दुरुस्तीची खूण काढून टाकली.

एक अकरा झाले. एक बारा.

"सर, हे मागं आहे," मी म्हणालो.

"असू दे."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, आणि बाईंच्या ओळीखाली एका बोटाने टाइप केलं:

"थांबलोय."