हजेरीपट जुळवणाऱ्या डॉक्टरीणबाई

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत मी शिकवत होते. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मधल्या सुट्टीत यायच्या, चहा मागवायच्या आणि बोलण्याच्या नादात तो गार करून टाकायच्या. त्यांचं प्रत्येक बोलणं "बघा की!"नं सुरू व्हायचं.

एकदा त्या दवाखान्याची नोंदवहीच काखेत मारून आल्या. "बघा की! तुमच्या गैरहजर मुलांची नावं वाचा. माझ्याकडं कोण कशासाठी आलं, ते जुळवून बघू."

मी वाचू लागले, पण जुळेना. शाळेतला व्यंकटेश दवाखान्यात नुसता बाळ्या होता. मग आम्ही आईचं नाव आणि गल्ली धरून शोधलं, तेव्हा एकामागून एक मुलं सापडू लागली. बहुतेकांना जुलाब, आणि सगळी एकाच गल्लीतली! बाई ताडकन उठल्या. "चला, तिथला नळ बघू!"

मीही पदर खोचून त्यांच्यामागं पळाले. नळाचा पाइप गटारातून गेला होता आणि तिथंच फुटला होता.

"आमी हेच पाणी पितो की," दारातली म्हातारी म्हणाली.

पाइप बदलेपर्यंत बाईंनी कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. मुलं शाळेत परतली त्या दिवशी हजेरी त्यांनीच घेतली. प्रत्येक "हजर"ला त्या टाळी वाजवत होत्या आणि पोरं खिदळत होती.

अंबूच्या नावाला मात्र उत्तर आलं नाही. बाईंचे हात तसेच थांबले.

"कुठं राहते ती?" म्हणत त्या निघाल्यासुद्धा.