मोडून पाहणारे काका

आमच्या मुधोळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात काका आले, की नवा विळा आधी मोडत आणि तुटलेली कड भिंगातून बघत. धातूंच्या प्रयोगशाळेतली नोकरी झाली, पोलाद कारखान्यातली झाली, मग ते दिल्लीत पोलादाची सरकारी धोरणं ठरवू लागले, तरी खोड तीच. राज्यपुनर्रचनेत आमचा तालुका नांदेडातून आदिलाबादेत गेला, त्या साली त्यांनी सरकारी नांगराचा फाळ मोडला. आतला दाणा रव्यासारखा जाड होता. असा फाळ पहिल्याच दगडाला तुटतो.

"कोनं पास केला हा माल?" मी विचारलं.

"मीच. दिल्लीत बसून."

दिल्लीला न्यायचं घरचं ज्वारीचं पीठ पिशवीतून काढून माझ्या गादीवर ठेवून त्यांनी तिच्यात फाळाचे तुकडे भरले आणि दिल्लीला नेले.

पुढल्या साली नवे फाळ आले.

"काका, हे तर तुमीच सुधरवले. काऊन मोडून राह्यले?"

"मागलेबी मीच पास केले होते," म्हणत त्यांनी घण उचलला.